निबंधाची चेष्टा खूप झाली, आता पोरांच्या वह्यांचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे 2024 मधे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हापासून आमच्यासारख्यांची पंचाईत झालीये. लोकांचा राग बरोबरच होता, निषेध म्हणून निबंध स्पर्धा पण भरवली गेली, त्याबद्दल माझा काही वाद नाही. पण आता मी निरीक्षणगृहात पोरांचा लेखनाचा वर्ग घेतो असं कुठे बोललो की समोरचा लगेच हसतो, "म्हणजे निबंध लिहा आणि घरी जा का?" झालं, विषय तिथेच संपला. दुसरे काही जण म्हणतात अशा पोरांना गोष्टी-कविता कशाला, चांगलं फोडून काढा. दोघांनाही आत काय चालतं ते माहीत नसतं म्हणून हे पत्र.

मुळात तिथे सहसा पोर्शेवाली पोरं नसतात हो. मी ज्यांच्यासमोर बसतो ती मोबाईल मारणारी, गाडी उचलणारी, गल्लीतल्या भांडणात सापडलेली, नाहीतर कोयता घेऊन रील टाकणारी आणि मग खरंच कुणाला तरी मारून आलेली. यातली बरीचशी पाचवी-सहावीतच शाळेतून गळालेली असतात. आणि ही सगळी शिक्षा भोगत नसतात, निरीक्षणगृहात मूल चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात. कायद्यात चौकशीला चार महिने दिलेत, कारण दाखवून अजून दोन. कोणी चार दिवसात जामिनावर जातं, कोणाला घ्यायलाच कोणी येत नाही तो महिनोन्महिने तिथेच.

अशा पोरांपुढे कोरा कागद ठेवला की पहिल्या दिवशी काय लिहून येतं माहितीये? सगळ्यांचं सेम. "मी चुकलो, मला माफ करा, मी आता चांगला मुलगा बनणार, आईवडिलांचं नाव काढणार." अक्षर वेगळं, बाकी शब्द न शब्द तोच. कारण त्यांना ठाम वाटत असतं की हा कागद मंडळाच्या मॅडमकडे जाणार, आणि यात त्यांचं काय चुकतंय? बिचाऱ्याची पोलीस आल्यापासूनची प्रत्येक सही, प्रत्येक कागद कुठल्यातरी फाईलला लागलेला असतो. प्रोबेशन ऑफिसर घरी जाऊन सामाजिक तपासणीचा रिपोर्ट करतात तो पण फाईलला. वय 16 च्या वर आणि गुन्हा मोठा असला तर मंडळ बघतं की पोराला आपण काय करतोय त्याची समज होती का, आणि मग त्यावरून त्याची केस मोठ्यांसारखी चालवायची का ते ठरतं. अशा वेळी कुठला शहाणा पोरगा वहीत खरं लिहील?

म्हणून मी गुन्ह्यावर लिहायलाच सांगत नाही. पश्चात्तापावर तर नाहीच नाही. मी विचारतो, तुझ्या गल्लीत सकाळी पहिला आवाज कशाचा येतो? वडापावचं तेल तापलं हे कसं कळतं? एका पोराने (तपशील बदलतोय, ओळख पटेल असं काही छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे) लिहिलं की पहिला आवाज हंड्यांचा, नळ चारला येतो, आई म्हणते ऊठ, मी म्हणतो पाच मिनिट, मग ती स्वतःच दोन हंडे घेऊन जाते आणि जिन्यात तिच्या बांगड्या हंड्याला लागतात तेव्हा मी जागाच असतो. बस, एवढंच. शेवटची ओळ त्याने वाचून दाखवली आणि शेजारचा जो कायम फिदीफिदी करतो तो म्हणाला "हां यार, अपन भी ऐसेच सोते." त्यानंतर त्या दोघांनी अर्धा तास हंडे कसे लागतात, नंबर कसा लावतात, भांडणं कशी होतात यावर वाद घातला, आणि तो वाद मग कागदावर गेला, त्यात शिव्या होत्या, त्या मी तशाच ठेवल्या. याला कोणी सुधारणा म्हणणार नाही. पण "माफ करा"च्या बाहेर काहीतरी लिहिलं गेलं, आणि आईचं जे माफीनाम्यात कधीच आलं नसतं ते आपोआप आलं.

ज्यांना लिहिता येत नाही ते सांगतात, "सर तुम्ही लिवा, मी बोलतो." तेही चालतं. रॅप तर विचारूच नका, यमक जुळवायला ही पोरं आपल्या कविसंमेलनातल्या निम्म्या लोकांपेक्षा हुशार आहेत हे माझं स्पष्ट मत आहे. अडचणी खूप, पेन मोजून मिळतात आणि मोजून परत जातात, स्पायरलची वही चालत नाही, पिना काढून घेतात, ते समजू शकतो. आज गोष्ट अर्धी टाकून गेलेला पोरगा पुढच्या वेळी असेलच असं नाही, त्यामुळे जे करायचं ते एका बैठकीत पुरं करायचं हा आमचा नियमच झालाय.

आता जे मला मुख्य म्हणायचंय ते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पोरांच्या वह्या कपाटातून काढून वाचल्या गेल्या आणि एका पोराला त्यातल्या चार ओळींवरून सगळ्यांसमोर जाब विचारला. वाचणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, आत काही मारामारी शिजतीये का याची त्यांना काळजी असते. पण पुढच्या आठवड्यात सगळ्या वह्यांत परत "मी चुकलो, मला माफ करा." ते मोडायला पुढे किती दिवस गेले विचारू नका.

2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 3 मधे मुलाच्या गोपनीयतेचा हक्क स्वच्छ लिहिलाय. कलम 53 मधे शिक्षण, कौशल्य, खेळ, सांस्कृतिक उपक्रम सगळं आहे. म्हणजे वर्ग घ्यायला कायदा आडवा येत नाहीच. नाहीये ती एक साधी ऑर्डर, की लेखनाच्या तासाला लिहिलेलं काही फाईलला लागणार नाही आणि मंडळापुढे जाणार नाही, चांगलं म्हणूनही नाही आणि वाईट म्हणूनही नाही. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर शिकवणाऱ्याने सांगायलाच हवं, तो अपवाद ठेवा आणि पोरांना पहिल्याच दिवशी तो सांगून टाका, त्यांना नियम कळतात, लपवाछपवी आवडत नाही. आणि जामीन झाला की वही पोराच्या हातात द्या. सध्या ती कपाटात पडून राहते नाहीतर रद्दीत जाते. 15 ऑगस्टला पाहुण्यांसमोर पोरांना उभं करून "माझी चूक" वाचायला लावतात तेही बंद करा, पाहुण्यांच्या डोळ्यात पाणी येतं पण पोरगा नंतर आतल्या पोरांत आठवडाभर चेष्टेचा विषय होतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या जुवेनाईल हॉलमधे, म्हणजे तिथल्या निरीक्षणगृहात, 1996 पासून पोरांच्या लिखाणाचं 'द बीट विदिन' नावाचं नियतकालिक निघतंय, टुपाक हा रॅपर मारला गेला तेव्हा आतल्या पोरांना त्यावर लिहायचं होतं तिथून ते सुरू झालं. आपल्याकडे खरं नाव छापता येणार नाही, छापूही नये. पण मराठीत टोपणनावाची काय कमी आहे, केशवसुतांपासून ग्रेसपर्यंत कितीतरी कवी त्यावरच ओळखले गेले. तुमच्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या, संस्थेचं नाव नको, गावाचं नको, गुन्ह्याचा तर उल्लेखच नको. परवानगी पोराची आणि पालकांची घ्यायची, मंडळाला विचारायचं ते मी विचारतो. मजकूर मी शुद्धलेखन न सुधारता पाठवीन, तुम्हीही सुधारू नका ही विनंती.

आपला,
एक वाचक, पिंपरी