श्रेय बुडाले की पैसाही बुडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोशल मीडियावर अंगात गुण असला की नाव आणि पैसा आपोआप मिळतो, असे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय क्रिएटरांच्या बाबतीत हे साफ खोटे ठरले आहे.

जॉर्जिया राज्यातील जलाया हार्मन या १४ वर्षांच्या मुलीने २०१९ मध्ये ‘रेनेगेड’ हा नाच बसवून इन्स्टाग्रामवर टाकला. तो टिकटॉकवर पोहोचला, चार्ली डिअमेलिओसारख्या गोऱ्या स्टारनी केला आणि जगभर गाजला. जलाया एकेका व्हिडिओखाली कमेंट करून ‘मला टॅग करा’ अशी विनंती करत राहिली. बहुतेकांनी दुर्लक्ष केले, काहींनी तर टिंगल केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली तेव्हा कुठे तिला श्रेय मिळाले. स्वतःच्याच नाचासाठी एका शाळकरी मुलीला अशी याचना करावी लागावी, याची मला मनस्वी चीड येते. तरीही पुढच्याच वर्षी जिमी फॅलनच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात अ‍ॅडिसन रे या गोऱ्या टिकटॉक स्टारने टिकटॉकवरचे नाच करून दाखवले, ते बसवणाऱ्यांची नावे न घेताच. त्यांतले अनेकजण कृष्णवर्णीय होते. जून २०२१ मध्ये कृष्णवर्णीय नर्तकांनी नव्या गाण्यावर नाच बसवायलाच नकार दिला, तो या संतापातूनच.

नाव नाही म्हणून फॉलोअर नाहीत, फॉलोअर नाहीत म्हणून जाहिरातीचा दर कमी. त्यातच हे दर बंद दाराआड ठरतात. एमएसएल या जनसंपर्क कंपनीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय इन्फ्लुएन्सरांच्या मोबदल्यात ३५ टक्क्यांची तफावत आढळली. कायद्याचाही फारसा आधार नाही, कारण चार-सहा स्टेप्सच्या छोट्या नाचाची अमेरिकेत सहसा कॉपीराइट नोंदणी होत नाही.

टिकटॉकवर मूळ नर्तकाचे नाव ‘डीसी’ (डान्स क्रेडिट, म्हणजे नाचाचे श्रेय) ही दोन अक्षरे लिहून देण्याची पद्धत आहे. २०२२ मध्ये कंपनीने मूळ व्हिडिओ टॅग करण्याची सोयही दिली. पण हे सगळे नाच करणाऱ्याच्या मर्जीवर सोडून कसे चालेल? निदान पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत तरी मूळ क्रिएटरचे नाव सक्तीचे करा आणि जाहिरातदारांना दर उघड करायला लावा. शेजारच्याला किती मिळाले हेच ठाऊक नसेल, तर आपल्याला कमी दिले म्हणून कोणी भांडायचे कसे?

आपला,
एक वाचक