शाळा सोडल्याचा दाखला

लालबाग, मुंबई
२८ मे २०२५

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रविवारी तू डबा न घेताच जिना उतरलीस. तुझी आई तो डबा ओट्यावर तसाच ठेवून रात्री उशिरापर्यंत जागी होती. फोनवर बोललो असतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो आहे. बँकेची नोकरी सोडून मानखुर्दच्या मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या संस्थेत जायचे तू ठरवलेस, तो विषय या पत्रात काढायचा नाही असे ठरवले आहे. ‘लोकांच्या मुलींसाठी भरल्या ताटावरून उठतेस’ असे मी दादा-वहिनींच्या देखत बोललो, ते बोलायला नको होते.

जानेवारीत मी तुला न सांगता मानखुर्दला तुमच्या मैदानावर येऊन गेलो होतो, हे तुला ठाऊक नाही. कुंपणाबाहेर तासभर उभा होतो. मुली आल्या आल्या मैदानात उतरतील असे मला वाटले होते. पण आधी सगळ्या पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर बसल्या, वह्या उघडल्या आणि तू एकेकीची हजेरीची वही पाहू लागलीस. आठवड्याच्या रकान्यात वर्गशिक्षिकेची सही नव्हती, अशा दोघी त्या दिवशी रेषेबाहेर बसून राहिल्या. त्यांतली एक रडत होती. मला तेव्हा तुझा राग आला, की खेळायला आलेल्या लेकराला असे बसवतात का; आणि परतीच्या गाडीत कुर्ला येईपर्यंत माझ्या लक्षात आले, की मला कोणी असे एकदा बसवले असते तर बरे झाले असते.

ती डाव्या कोपऱ्यावरची सावळी मुलगी मात्र डोळ्यांपुढून जात नाही. चढाई करणारी बोनससाठी पाय पुढे टाकते, त्याच क्षणी ती खाली बसून घोटा धरते आणि साखळीतल्या बाकीच्या येईपर्यंत सोडत नाही. असा घोटा धरणारा कोपरारक्षक आमच्या गिरणीच्या संघातही एकच होता. ती आठवीत आहे असे तू मागे आईला सांगितल्याचे आठवते. म्हणजे या जूनमध्ये नववी.

नववीची मला भीती वाटते, बाळ. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत मुलांचा हात धरतो आणि तिथे सोडतो. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात, मग नवी शाळा शोधायची, दाखला काढायचा, रोज लांब जायचे, आणि नेमक्या त्याच वयात घरातले पाणी, धाकटी भावंडे आणि आईची चार घरची कामे मुलीच्या अंगावर येतात. दाखला एका शाळेतून निघतो आणि दुसऱ्या शाळेत पोहोचतच नाही. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात मानखुर्दचा तुमचा तो एम पूर्व विभाग साऱ्या मुंबईत तळाला होता. तिथे दाखला वाटेत हरवणे किती सोपे असेल, हे मला कोणी सांगायला नको.

माझा दाखला पितळी पेटीत आहे, तू लहानपणी पाहिला आहेस. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले आहे. ते खोटे आहे. अण्णांनी विनंती केली नव्हती, मी त्यांच्या पाया पडून त्यांना शाळेत नेले होते. १९७६ साल, नववीचे पहिले सत्र. मंडळाच्या संघात मी उजवीकडून चढाई करायचो आणि श्रमिक जिमखान्यावर लोक मला नावाने हाक मारायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला याहून मोठे काय हवे असते? अठराव्या वर्षी गिरणीच्या संघासाठी मला साचेखात्यात, म्हणजे मागांवर, गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवर घेतले. १९८१ च्या डिसेंबरात पकडीत गुडघा फिरला, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसांच्या त्या संपात माझ्यासारख्या लंगड्या बदली कामगाराला कोण विचारणार? सहा आठवड्यांत खेळही गेला आणि गिरणीही गेली, आणि हातात उरला तो आठवी पासचा हा कागद. पुढे दिवसा हमाली आणि संध्याकाळी रात्रशाळा करून १९८५ साली दहावी झालो, म्हणून पतपेढीत चिकटलो आणि म्हणून आज तुला चार ओळी नीट लिहू शकतो. हे तू शंभर वेळा ऐकले आहेस. आत्या म्हणते तसे, मला दुसरी गोष्ट येत नाही.

म्हणूनच सांगतो, त्या मुलींच्या आयांना पुन्हा पुन्हा समजाव. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांत उतरायला मुलीचे नाव शाळेच्या पटावर असावे लागते. नववीत नाव लागले नाही, तर ती सतरा वर्षांखालच्या गटात शाळेकडून खेळूच शकत नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण ते परीक्षेला बसलेल्या मुलीलाच. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण भरतीच्या रांगेत उभे राहायचे तर त्या पदाला लागणारे शिक्षण मैदानावरून आलेल्यालाही दाखवावे लागते. प्रमाणपत्रांच्या दोन-दोन प्रती काढून ठेव, पावसात घरे गळतात. आणि टीव्हीवर २०१४ पासून जी प्रो कबड्डी लीग दिसते, ती पाहून बाप लोक स्वप्ने बघतात, त्यांना हळूच सांग, की २०१८ च्या लिलावात सहा जण कोटीला पोहोचले किंवा त्यापलीकडे गेले, ते सारे पुरुष होते. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची एक स्पर्धा झाली आणि ती पुढे चालली नाही.

हे सगळे तू मला शिकवावेस इतके तुला माहीत आहे आणि मी तुलाच शिकवत बसलो आहे. क्षमा कर. निवृत्त माणसाला व्याख्यानाची सवय लागते.

तरीही नोकरीवर आलोच. २०१७ ला तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्या रुग्णालयाच्या बाकावर मी आणि तुझी आई एक शब्द बोललो नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे १९८१ चा डिसेंबर होता. पण तू तीन महिन्यांनी काठी टेकत बँकेत गेलीस आणि तुला टेबल मिळाले, कारण तू खेळाडू म्हणून लागलीस तरी बी.कॉम. झालेली होतीस. त्या टेबलाने मला आठ वर्षे झोप दिली आहे. ते एक जूनपासून नसेल, या विचाराने मी रविवारी तसा बोललो. संस्था देणग्यांवर चालते. देणगीदाराने हात आखडला तर तुझे काय, याचे उत्तर तू दिले नाहीस. तू म्हणालीस, ‘बाबा, नोकरी सोडते आहे, पदवी सोडत नाही.’ रात्री ते वाक्य मला उलगडले, आणि तरीही भीती गेली नाही. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मोडू नकोस. मुदतीची ठेव आईच्या नावासह ठेव.

तुझ्या आईने १९९५ साली, तू तीन महिन्यांची असताना, तुला मांडीवर घेऊन मंडळाच्या ओट्यावर माझ्या जुन्या संघाचा सामना पाहिला होता. आमच्या घरातली पहिली पदवीधर तू होशील आणि तीही मातीवरच्या खेळामुळे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो. तुझे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, त्या दिवशी अण्णांच्या तसबिरीखाली मी ते कात्रण ठेवले. अजून आहे. तुला सांगितले नव्हते.

शनिवारी मला वेळ असतो. बीजगणित मला रात्रशाळेत चांगले जमायचे, नववीचे पुस्तक बदलले असले तरी समीकरणे त्याच रीतीने सुटतात. शेडखाली एक कोपरा दिलास तर येईन, आणि बँकेबद्दल तिथे अवाक्षर काढणार नाही. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय मुलींना पकड दाखवू नकोस.

डबा घेऊन आई रविवारी येणार आहे, तिला परत पाठवू नकोस. आणि त्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीचा दाखला निघाला का, निघाला असेल तर कोणत्या शाळेत जमा झाला, हे उलट टपाली, किंवा फोनवर, पण नक्की कळव. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतील. दिवस थोडे आहेत.

तुझे,
बाबा