काड्या वाढल्या, रेंज तेवढीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘रेंज नाही’ या विषयावर आपल्याकडे येणारी वाचकांची पत्रं मी नेमाने वाचतो. पत्र पाथर्डी फाट्यावरून आलेलं असो की आडगावहून, शिव्या बसतात त्या टॉवरला. टॉवरवाल्यांची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. पण हातातल्या फोनला कुणीच जाब विचारत नाही, हे मला खटकतं.

मी दूरध्वनी खात्यात केबल जॉइंटर होतो. तेव्हा फोन बिघडला की १९८ ला तक्रार व्हायची आणि डॉकेट नंबर मिळायचा. मग टेस्ट डेस्कवरून लाइन मोजली की दोष एक्स्चेंजमध्ये आहे, खड्ड्यातल्या केबलमध्ये की घरातल्या डब्यात, म्हणजे टेलिफोनमध्ये, याचा अंदाज यायचा. दोष कुठेही निघाला तरी तो खात्याचाच असायचा, कारण तारही आमची आणि डबाही आमचाच. लोक आम्हाला भरपूर बोलले, आणि त्यातलं बरंचसं योग्यच होतं. पण ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणायची सोय आम्हाला नव्हती.

आता ती सोय सगळ्यांना आहे. गेल्या वर्षी मी तेवीस हजारांचा फोन घेतला. इंदिरानगरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर बोलता बोलता आवाज तुटायचा. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, “काका, टॉवरचा प्रॉब्लेम आहे.” सिमच्या कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, “सर, आमच्या बाजूने सगळं ओके दिसतंय, हँडसेट दाखवून घ्या.” पुन्हा सर्व्हिस सेंटर. फोन रिकामा करून नव्याने भरून दिला. फरक शून्य.

मग मी जुन्या सवयीने मोजायला बसलो. रेंजचा खरा आकडा फोनमध्येच असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात सिमची स्थिती उघडली की उणे चिन्हासह डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, तो दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. एकच सिम आळीपाळीने माझ्या आणि सौ.च्या जुन्या फोनमध्ये घातलं, दोन्ही फोन ४जीवर ठेवले आणि जेवणाच्या टेबलावर त्याच जागी आठवडाभर आकडे वहीत लिहिले. तिचा फोन उणे १०४ च्या आसपास, माझा उणे ११६. बारा डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण हे मोजमाप गुणाकाराचं असतं. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते, दहाला दहावा हिस्सा उरतो. म्हणजे तिच्या फोनला जेवढा सिग्नल मिळत होता, त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा माझ्या फोनच्या वाट्याला येत होता. टॉवर तोच, भिंती त्याच, सिमही तेच.

वही घेऊन तिसऱ्यांदा गेलो. मुलाने वही पाहिली नाही, पण ‘नवीन अपडेट आलंय’ म्हणून ते टाकून दिलं. घरी आलो तर पडद्यावर रेंजच्या दोनाच्या तीन काड्या! सौ. म्हणाली, झालं ना काम? मी आकडा उघडला. उणे ११६.

यात जादू काही नाही. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या, याचा सर्वांना बंधनकारक असा नियमच नाही. ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवायचं. आणि काडी गर्दीबद्दल तर काहीच सांगत नाही. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर माझ्या फोनवर सगळ्या काड्या होत्या आणि फोन एकही लागत नव्हता. २०२७ ला पुन्हा तेच झालं तर तिथे मात्र फोनला दोष देऊ नका.

काड्यांच्या हिशेबाची सर्वांत गाजलेली गोष्ट अॅपलची. जून २०१० मध्ये आयफोन ४ बाजारात आला. त्याची कडेची पोलादी पट्टी हाच अँटेना होता आणि डाव्या बाजूला खाली त्या पट्टीत एक बारीक फट होती. डाव्या हातात फोन धरला की तळवा नेमका त्या फटीवर यायचा आणि रेंज घसरायची. एका ग्राहकाने मेल केला, तर खुद्द कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांचं उत्तर आलं की तसा धरू नका. मग २ जुलैला कंपनीने जाहीर केलं की काड्यांचं सूत्रच चुकलं होतं, बऱ्याचदा दोन काड्या जास्त दिसायच्या, ते आता सुधारतो. त्याच निवेदनात पहिल्या तीन काड्या थोड्या उंच करू, म्हणजे नीट दिसतील, असंही होतं! फट झाकली की रेंज घसरते या तक्रारीचा उल्लेख होता, पण दोष सगळा सूत्रावर ढकलला. पुढे ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने स्वतः चाचणी घेऊन हा फोन घ्या असं आम्ही सांगू शकत नाही म्हटलं, तेव्हा १६ जुलैला पत्रकार परिषद झाली. तिथे आधी इतर कंपन्यांचे फोनही हातात धरल्यावर कसे गळपटतात हे दाखवलं, आणि मग फुकट कव्हर देऊ केलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्याची तडजोड झाली, ती कव्हर किंवा १५ डॉलर अशी.

त्या परिषदेत जॉब्ज यांनी एक आकडा दिला होता. रेंजची तक्रार करणारे ग्राहक फक्त ०.५५ टक्के. यावर मला आमचा पावसाळा आठवतो. केबलच्या खड्ड्यात पाणी भरलं की एकेका गल्लीतले सगळे फोन मुके व्हायचे आणि १९८ वर मात्र शांतता असायची. बंद फोनवरून तक्रार नोंदवणार कोण?

इतर फोनही गळपटतात हे मात्र खरं होतं. डेन्मार्कच्या आलबोर्ग विद्यापीठातले प्राध्यापक गेर्ट पेडरसन यांनी २०१६ मध्ये नॉर्डिक देशांसाठी बाजारातले फोन हाताच्या आणि डोक्याच्या प्रतिकृतीला लावून मोजले. मॉडेलमॉडेलमध्ये मोठी तफावत निघाली, आणि एकच फोन उजव्या हातात एक, डाव्या हातात दुसरंच सांगायचा. म्हणजे हे मोजता येतं. कंपन्याही फोन बाजारात आणण्याआधी बंद, प्रतिध्वनीरहित खोलीत हे मोजतात. फक्त आपल्याला सांगत नाहीत.

फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात, याचा आकडा मात्र ग्राहकाला कळतो. *#०७# दाबून पाहा. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून शरीराच्या किलोमागे १.६ वॉट ही मर्यादा लागू आहे. नियम आला म्हणून तो आकडा आला. फोन माझ्या अंगात किती सोडतो हे मला कळतं, स्वतः सिग्नल किती घेतो हे कळत नाही, आणि फोन घेतो ते तर त्यासाठीच! तीच गत बँडची, म्हणजे फोन कोणकोणत्या लहरींवर चालतो त्याची. ७००, ८५० मेगाहर्ट्झ असे खालचे बँड भिंतीतून बरे शिरतात, २३०० किंवा ३५०० चे अडखळतात. फोन यांतले कोणते पकडतो हे खोक्यावर ठळक नसतं. ठळक असतं ते नुसतं ‘५जी’.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनी सिमच्या कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलं, ते चांगलं झालं. हँडसेट बनवणारे त्या नियमांत येतच नाहीत. ग्राहक म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याची फी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते. तेवीस हजारांच्या फोनसाठी हे कोण करणार? मीही केलं नाही, हे कबूल करतो.

म्हणून विनंती दोन ठिकाणी. फोन हातात आणि कानाशी धरून मोजलेला सिग्नल घेण्याचा आकडा आणि बँडची यादी खोक्यावर छापणं सरकारने सक्तीचं करावं. आणि दुसरी आपल्याला. आपल्या पुरवणीत नव्या फोनची ओळख येते, त्यात कॅमेऱ्याला दोन परिच्छेद असतात. पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधीला तो फोन आणि एक जुना फोन, एकच सिम घालून, कार्यालयाच्या जिन्याखाली न्यायला सांगावं आणि दोन आकडे छापावेत. दहा मिनिटांचं काम आहे. वही हवी असेल तर माझी देतो.

आपला नम्र,
एक निवृत्त केबल जॉइंटर
इंदिरानगर, नाशिक