नबी न मानणाऱ्यांच्या गावात

ती. आई-बाबांना,
शालोम आणि सप्रेम नमस्कार.

गेल्या शुक्रवारी फोनवर तुमचा नातू जे बोलला, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "आजोबा, इथे नबी-बिबी कोणी मानत नाही, त्या जुन्या गोष्टी झाल्या." बाबा, तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदललात. पण तुमचा आवाज मला कळतो. नंतर आईचाही निरोप आला, यांनी आज जेवणाआधीची किद्दूशची प्रार्थना अगदी हळू म्हटली म्हणून. या गोष्टी फोनवर बोलायला धड निवांतपणा मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिलं म्हणजे, नबी, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, इथे कोणी मानत नाही हे तो म्हणाला त्यात खोटं काही नाही. इथे इस्राएलात, अश्दोदला, आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेक जणी ज्यू आहेत. पेसाखच्या सणाला सगळ्या घरी जाऊन सेदरच्या जेवणाला बसतात, एलियाहू नबीसाठी वेगळा पेला भरतात, त्याच्यासाठी दारही उघडतात. पण देव खरंच एखाद्या माणसाशी बोलला असेल का, असं विचारलंत तर मान हलवतील. यशाया नबीला मोठा कवी म्हणतील, त्यापुढे नाही. माणसं म्हणून मात्र सोन्यासारखी आहेत, रात्र-रात्र म्हाताऱ्या पेशंटचा हात धरून बसतात. तेव्हा त्यांच्याबद्दल तुम्ही मनात काही आणू नका.

मला जास्त त्रास दुसऱ्या बाजूच्या लोकांचा होतो. युद्धाचा भोंगा वाजला रे वाजला की यहेज्केल नबीच्या ग्रंथातलं गोग आणि मागोगचं युद्ध काढून बसतात, कोणता देश म्हणजे मागोग ते ठरवतात, वर्ष सांगतात. वर्ष निघून जातं, काही होत नाही, की नवीन वर्ष सांगतात. तुमचा नातू हे मोबाईलवर रोज बघतो आणि त्याला वाटतं, नबी म्हणजे हेच. मग त्याने का मानावं? नबींवरचा विश्वास न मानणाऱ्यांनी जितका घालवला नाही, तितका या तारखावाल्यांनी घालवला, असं माझं स्पष्ट मत आहे. नबी आकडेमोड करत नव्हते. मजुराची मजुरी बुडवू नका, विधवेला आणि पोरक्या पोराला नाडू नका, परक्याला हाकलू नका, हे ते बोलत होते आणि त्यापायी मार खात होते. मलाखी नबीच्या ग्रंथात तर हे मजुरीचं आणि एलियाहू परत येईल हे वचन अगदी जवळजवळ आहे. पण एलियाहू स्वर्गात गेला तेव्हाच्या अग्निरथाबद्दल बोलणाऱ्यांना मजुरीचं वाक्य आठवत नाही.

त्या रात्री मी त्याला एकच विचारलं, "नबींना त्यांच्या काळात तरी किती लोक मानत होते?" त्याला वाटत होतं, तेव्हा सगळे मानत असतील. मग मी त्याला यिर्मियाहू नबीच्या गुंडाळीची गोष्ट वाचून दाखवली. थंडीचा नववा महिना, राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या महालात बसलाय, पुढ्यात शेगडी पेटलेली. यिर्मियाहूने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाची सुरी घेतो, तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा सुरी. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. दरबारातला कोणी घाबरला नाही, कोणी शोकाने कपडे फाडले नाहीत. जाळू नका म्हणणारे तिघेच, त्यांचं राजाने ऐकलं नाही. त्यानंतर यिर्मियाहूने काय केलं? बारूखला बसवून सगळं पुन्हा सांगितलं आणि त्यात भर घातली. आज आपल्या धर्मग्रंथात, तनाखमध्ये, आहे ते त्या दुसऱ्या लिहिण्यामुळे.

त्या तिघांतला एक गमर्याहू बेन शाफान. 1982 साली जेरुसलेममध्ये दाविदाच्या नगरीत खणताना मातीचे पन्नासेक शिक्के सापडले, त्यातल्या एकावर हेच नाव आहे. शहर जळलं तेव्हा पपायरसची पत्रं राख झाली आणि त्यावरची ओली माती भाजून पक्की झाली, म्हणून ती टिकली. याने यिर्मियाहूशी देव बोलला हे सिद्ध होत नाही, तसं मी पोराला सांगितलंही नाही. पण ही माणसं होती, दरबार होता, आणि त्या दरबारात बहुमत कोणाचं होतं तेही त्याला कळलं. मीखाया नबीचंही तसंच. राजा अहाबाला चारशे जण म्हणाले लढाईला जा, जिंकशील. हा एकटा म्हणाला, जाऊ नको. त्याला तुरुंगात टाकलं. राजा गेला तो परत आला नाही.

आणि आपला एलियाहू हनाबी! बाबा, लहानपणी तुम्ही मला कार्मेल डोंगरावरची आगच सांगायचात, बाल या दैवताचे साडेचारशे नबी एकीकडे आणि तो एकटा. पुढचं मी इथे आल्यावर नीट वाचलं. एवढा विजय मिळवून तो जीव घेऊन पळतो. बेर-शेवाच्या पुढे रानात झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला रागावत नाही, आधी भाकरी आणि पाणी पाठवतो. मग होरेब डोंगरावर तो तक्रार करतो, मी एकटाच उरलोय. त्यावर उत्तर मिळतं, इस्राएलात बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी राखून ठेवलेत. त्या सात हजारांपैकी एकाचंही नाव लिहिलेलं नाही. एलियाहूलाही ते माहीत नव्हते. ते आपापल्या घरी होते.

हे वाचलं की मला आपल्या बेने इस्राएलांचा कोकणातला नवगावचा किनारा दिसतो. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पुढे किती शतकं ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना सेफेर तोरा म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी. शेमा प्रार्थनेचे शब्द तेवढे तोंडात राहिले आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद. लोक शनवार तेली म्हणाले तर म्हणू देत. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण आहे म्हणून नवस बोलले, फेडले. खडकावरची ती खूण निसर्गानेच पडलेली असेल असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. माझा विश्वास त्या खडकावर नाही, तिथे चालत जाणाऱ्या आपल्या माणसांवर आहे. कोकणात त्यांना नबी म्हणजे काय हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं, तरी त्याचं नाव त्यांनी सोडलं नाही. आणि इथे आल्यावर आपल्याच धर्माच्या लोकांनी, तुम्ही खरे ज्यू का, म्हणून लग्नाच्या वेळी चौकशा लावल्या, तेव्हाही सोडलं नाही. 1964 साली जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले आणि रब्बींच्या त्या चौकशीच्या हुकुमातून आपलं नाव काढायला लावलं. थोडे आहोत म्हणून चुकलो, असं त्यांना वाटलं नाही.

आई, एलियाहूच्या नावाचा मलिदा मी दरवर्षी करते, काळजी करू नकोस. रामल्याच्या बाजारात आपले पातळ पोहे मिळतात. पाण्यातून काढून लगेच निथळते, तू सांगितलंस तसं, नाहीतर लगदा होतो. खोबरं, साखर, वेलची, जायफळ, वरून बदाम-पिस्ते. पाच फळं इथे उत्तम मिळतात, खजूर तर तिकडच्यापेक्षा सरस. गुलाब मात्र शेजारणीच्या कुंडीतले. ती नबी मानत नाही, पण गुलाब स्वतः कापून आणून देते आणि सगळे आशीर्वाद, बराखोथ, होईपर्यंत थांबते.

नातवाला मी मान म्हणून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मात्र तो आता विचारतो. यिर्मियाहूला विहिरीत टाकलं तेव्हा बाहेर कोणी काढलं, हे त्याने स्वतः शोधलं आणि एका परदेशी कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या, नोकराने काढलं हे वाचून त्याला फार आवडलं. बाबा, तुम्ही त्याच्याशी बोलणं टाळू नका. तो जे म्हणाला ते तुमच्या तोंडावर म्हणाला, कारण तुम्ही उत्तर द्याल अशी त्याला खात्री आहे. मला जेवढं येतं तेवढं मी सांगितलं. पण आपल्या लोकांनी मराठीत नबींवर जी कीर्तनं रचली, साक्या आणि दिंड्या, त्या मला दोन-दोन ओळींपुढे येत नाहीत, आणि तुम्हाला आजोबांमुळे पाठ आहेत. एलियाहूचं आख्यान तेवढं मोठ्या अक्षरात वहीत लिहून काढा. चाल फोनवर म्हणून दाखवा, तो रेकॉर्ड करून घेईल. एलियाहू हनाबीच्या उरूसाला तो घरी असणार आहे, त्याआधी वही हातात पडली तर बरं. आईकडून ठाण्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा, साध्या टपालावर भरवसा नको.

गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची लेक