एका वर्षातच निघतेय

सनीव्हेल, २४ मे

प्रिय मुग्धा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, आणि नंतर वेळ जुळेना. तसंही हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसले. यूएससीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं, उत्तर आलं गं. घेतलंय मला. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला, थेट दुसऱ्या वर्षाला. डी अँझा, हे माझं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, एका वर्षातच सुटतंय.

तू म्हणशील, दोन वर्षं म्हणाली होतीस ना? हो. इथे बहुतेक सगळे दोन वर्षं काढतात आणि त्यांचं बरोबरच आहे. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, सरकारी विद्यापीठं आम्हाला मुख्यतः तिसऱ्या वर्षालाच घेतात. त्याआधी सेमिस्टरची ६० किंवा क्वार्टरची ९० युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, व्हावी लागतात. (आमच्याकडे वर्षाची तीन सत्रं असतात, त्यांना क्वार्टर म्हणतात.) अटी पाळल्या तर डेव्हिस, अर्व्हाइन अशा ६ ठिकाणी प्रवेशाची हमीसुद्धा मिळते. माझी तीन क्वार्टरची मिळून ४८ होतील, म्हणजे सेमिस्टरच्या हिशोबाने ३२. एवढ्यावर ते दार उघडत नाही. ज्याला यूसीला जायचंय त्याने एका वर्षात हलूच नये, असं मी कुणालाही सांगेन.

पण मला करायच्या केमिकल इंजिनिअरिंगचे मुख्य विषय दुसऱ्या वर्षापासून एकावर एक रचलेले असतात. पहिला मास अँड एनर्जी बॅलन्स, आणि तोच इथे शिकवत नाहीत. दोन वर्षं थांबून गेले असते तरी पुढे तीन लागलीच असती. खाजगी विद्यापीठाची फी ऐकून बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक वर्ष वाचतंय ना? मग कर्जाचं मी बघतो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

कॉलेजचं एकच वर्ष हातात असलं की बारावीची मार्कशीटही नीट बघतात. माझे गणितातले मार्क तुला माहीतच आहेत. म्हणून इथलं कॅल्क्युलस मी जीव ओतून केलं. आणि नेमकं तिथेच अडलं. इथे ते चार क्वार्टरमध्ये वाटलेलं आहे, वन-ए पासून वन-डी पर्यंत. वर्षात तीनच होतात. तिसरा भाग यूएससीत एकटा धरत नाहीत, चौथ्यासकट असेल तरच पुढचं कॅल्क्युलस माफ होतं. हे आधी बघायला हवं होतं, मी बघितलं फेब्रुवारीत. तेव्हा तू आठवलीस. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलीस आणि गणिताचे एम-१, एम-२ न करताच एम-३ समोर आलं. "डी-टू-डीवाले" म्हणून वर्गात मागे बसायचात तुम्ही. तेव्हा तू रडायचीस ते मला नीट कळलंच नव्हतं, मुग्धा. आता कळतंय.

तर वन-डी उन्हाळ्यात करतेय, सहा आठवड्यांत पाच युनिट्स. तो संपल्यावरचीच तारीख घालून व्हिसाची नोंद इथून तिकडे पाठवतील, मग नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, मिळेल. मधे जेमतेम दोन आठवडे.

सोडवत नाहीये मात्र. संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारी एक व्हिएतनामी बाई बसतात, आईच्या वयाच्या. रात्रपाळी करून शिकतात. गणित सुटलं की पेन्सिल वहीवर आडवी ठेवतात आणि माझं होईपर्यंत तशीच राहू देतात. काल त्यांना सांगितलं, मी जातेय. त्यांनी डब्यातलं अर्धं संत्रं माझ्या वहीवर ठेवलं आणि सोलत राहिल्या. ५५ नंबरच्या बसने घरी येईपर्यंत हाताला तो वास होता.

आता एक काम. तुझी एम-३ ची वही टाकली नसशील तर व्हेक्टर कॅल्क्युलसच्या पानांचे फोटो पाठव. तू हिरव्या पेनाने कडेला लिहायचीस ना, तेही आलं पाहिजे. काकूंना नमस्कार.

तुझी,
अनु