स्कूटीच्या पैशांचं काय केलं ते

पुणे, २२ जानेवारी २०२६

ती. आई-बाबा,
नमस्कार.

तिळगूळ पोचला. आई, दाणे मिक्सरमधले नाहीत, खलबत्त्यातले आहेत हे मला पहिल्याच घासाला कळलं. म्हणजे डॉक्टरनं नाही म्हटल्यावरही तू खाली बसून कुटलंसच. त्यावर पुढं बोलते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा अर्ध्यातच "बरं, ठेव" म्हणतात आणि मग चार दिवस आईकडून निरोप येत राहतात. म्हणून लिहून राहिली. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका.

सोयाबीन विकून तुम्ही स्कूटीसाठी जे ४० हजार टाकले होते, त्याची स्कूटी येणार नाही. त्याचा कॉम्प्युटर येऊन राहिला. वरचे आठ-दहा हजार माझे. अर्धं सामान घेऊन झालं आहे, माझ्या पलंगाखाली आहे. आता रागवायचं असेल तर रागवा, पण पूर्ण वाचून.

स्कूटीवाचून माझं काही अडत नाही. बस कोपऱ्यावर मिळते, पुढं मेट्रो आहे, बसायला जागाही असते. मी रात्री उशिरापर्यंत थांबतच नाही. तुम्ही दोघं रोज सात वाजता "पोचली का" विचारता, मी रोज पोचलेली असते. डबा वेळेवर येतो. भाकर मिळत नाही एवढीच तक्रार.

कॉम्प्युटर कशाला, तर आईच्या गुडघ्यासाठी. मार्चच्या शेवटी ऑपरेशन, मग वॉकर, मग व्यायाम. वहिनीच्या एकटीच्या अंगावर ते टाकायचं नाही, तिचं लेकरू लहान आहे. ऑफिसला मी विचारलं, तीन महिने गावाहून काम करायला ते तयार आहेत. ड्रॉइंग रोज पाठवली की झालं. पण तिथला कॉम्प्युटर हलवू देत नाहीत, आणि माझ्या लॅपटॉपवर दुमजली घराचा प्लॅन उघडला की मी चहा करून येते तरी तो गोल गोल फिरतच असतो. पगार कापणार नाहीत. हे दोनदा विचारून घेतलं आहे, बाबा.

आता तुमच्या ओळखीच्या दुकानदाराचं. तुम्ही त्याला शब्द दिला होता हे मला माहीत आहे, म्हणून हे नीट सांगते. ३२ हजारांत आय५ (इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू), १६ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), मॉनिटरसकट, वर प्रिंटर फुकट. ऐकायला छान आहे. त्यानं दिलेल्या कोटेशनचा फोटो तुम्ही पाठवला, त्यात बारीक अक्षरात ३४७० लिहिलं आहे. तो आय५ तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही, आय५ तो आहेच. पण बैल घेताना तुम्ही आधी दात पाहता, नुसतं शिंगांना रंग लावलेला पाहून विसार देत नाही. त्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर चालत नाही, त्याला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल लागतो. आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याचा एच६१ बोर्डही (सगळं सामान ज्याला जोडतात ती पाटी) तेव्हाचाच, नव्या पद्धतीची एसएसडी (फायली साठवायची वस्तू) लावायला त्यात खाचच नाही. घेतल्या दिवसापासून जुना.

तरी तुमचा शब्द मी पडू देणार नाही. मॉनिटर, कॅबिनेट आणि यूपीएस त्याच्याकडूनच घेऊ. जड वस्तू पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये कोण आणेल, आणि उद्या यूपीएसची बॅटरी बसली तर हाकेवरचा माणूस बरा. फोन तुम्हीच करा. "पोरीनं आतलं सामान तिकडूनच घेतलं" एवढंच सांगा, ३४७०चं काढू नका.

आतलं सामान काय, तर रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर. सहा कोर आहेत, म्हणजे एका वेळी काम करणारे सहा हात, आणि त्या शेवटच्या 'जी'मुळं चित्र दाखवायची सोय त्याच्याच पोटात आहे. वेगळं ग्राफिक कार्ड घेतलंच नाही. ऑफिसातल्या पोरांनी वेड्यात काढलं, पण त्यांना गेम खेळायचे असतात. मला भिंती, दारं, जिने काढायचे, त्याला हे पुरून उरतं. त्याच्याही पुढची नवी जात एएम५ म्हणून आहे, पुढं वाढवायला ती चांगली. पण तिला डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅमच लागते, आणि ती सध्या इतकी महाग आहे की हात लावायची सोय नाही.

"थोडी थांबली असती, भाव उतरला असता," असं बाबा म्हणतील. रॅमचं उलटं चालू आहे. एआयचे मोठमोठे डेटा सेंटर उभे राहून राहिले, ते सगळी मेमरी उचलतात. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही तिकडंच जास्त पैसा मिळतो. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीरच केलं की क्रुशल नावानं साध्या गिऱ्हाइकाला विकायचा धंदा बंद करणार. गेल्या वर्षी १६ जीबी डीडीआर४ साडेतीन हजारांच्या आसपास यायची, मला दुपटीहून जास्त मोजावे लागले. ८-८च्या दोन पट्ट्या घेतल्या. एकच १६ची घेतली असती तर थोडं वाचलं असतं, पण या प्रोसेसरचं चित्राचं काम याच रॅममधून चालतं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन्हीकडून माल मिळतो.

जिथं वाचवता आलं तिथं वाचवलं. एसएसडी महागातली, जेन४ म्हणतात ती, घेतली नाही. ५६००जी जेन३च्याच वेगानं बोलतो, वरचे पैसे पाण्यात. बोर्ड साधा. दिवे लावलेला पंखा नको. प्रोसेसरसोबत पंखा येतो तोच लावणार.

पण एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या सगळ्या सामानाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, मी एक रुपया वाचवला नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळतो त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, आत काय असतं ते देवालाच ठाऊक. आपल्याकडं संध्याकाळी बल्ब मिणमिणतो आणि रात्री वावरातले पंप बंद झाले की एकदम पांढराफटक पेटतो, तो झटका आधी एसएमपीएसच खातो. तो फुकटातला असला तर जाताना बोर्डही सोबत घेऊन जातो. मोठ्या बाबांच्या टीव्हीचं काय झालं होतं ते विसरू नका. म्हणून तपासून मिळणाऱ्या ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवणारा) घेतला. यूपीएस ६०० व्हीएचा बस होईल. लाईन गेली की दहा-पंधरा मिनिटं मिळतील, तेवढ्यात मी काम सेव्ह करून बंद करते. आई, त्या यूपीएसला मिक्सर लावायचा नाही. इस्त्री तर नाहीच नाही.

बिलाची काळजी करू नका. ड्रॉइंगचं काम करताना मॉनिटरसकट ७०-८० वॅट ओढेल. आठ तास चालला तरी रोजचा पाऊण युनिट होत नाही. आपला कूलर याच्याहून जास्त खातो.

आता बाबा, एक गोष्ट मागते, नाही म्हणू नका. मधली खोली रिकामी पाहिजे.

कापूस तुम्ही भाव पाहून विकता, त्यात मी बोलत नाही. बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्यूटी ३१ डिसेंबरपर्यंतच माफ होती, आता थोडं सुधारेल हे तुमचं म्हणणं बरोबर असेलही. लांब धाग्याचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, त्याच्या खाली देऊ नका. ठेवायचा तर ठेवा, पण कोठ्याशेजारच्या खोलीत हलवा. कॅबिनेटचा पंखा समोरून हवा ओढतो, त्या हवेत कापसाचे तंतू असले की महिन्याभरात जाळीवर गोधडी विणली जाते आणि आत सगळं तापतं. मे महिन्यात खोलीच ४५ला पोचलेली असते, वरून हे. आणि खरं सांगू का, तेवढ्या कापसाच्या खोलीत वायर, प्लग आणि यूपीएस हे मला रात्री झोपू देणार नाही.

त्या ढिगावर मी आणि दादा खिडकीतून उड्या मारायचो. आजी ओरडायची, अंगभर खाज सुटायची, आई खोबरेल चोळून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. हिवाळ्यात तिथं झोपलं की पांघरूण लागायचं नाही. तुम्ही रात्री कंदील घेऊन पाहायला यायचे आणि मी झोपेचं सोंग करायची, कारण उठवलं तर थंड्या पलंगावर जावं लागायचं. तुम्ही उठवायचे नाहीच, उचलूनच न्यायचे. आता तेवढी खोली एका टेबलासाठी मागून राहिली, तर कसंतरीच वाटतं. पण तिथून आईची खाट दिसते. तिनं हाक मारली की मला ऐकू आलं पाहिजे, म्हणून तीच खोली.

आई, तुझी शिलाई मशीन खिडकीपाशी आहे तिथंच राहील. टेबल समोरच्या भिंतीला लावणार. पायमशीन मात्र ऑपरेशननंतर चालवायची नाही, त्याला छोटी मोटर बसवून देते.

सगळ्यात महत्त्वाचं आर्थिंग. आपल्या भिंतीवरच्या बोर्डांना तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागं वायरच नाही. म्हणून तर कूलरला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि आई रबरी चप्पल घालून त्यात पाणी भरते. ती चप्पल काही उपाय नाही, आई. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं कोणी ना कोणी गेल्याची बातमी आपण वाचतोच. वायरमनला बोलवा. विहिरीकडच्या ओल्या जागेत खड्डा, त्यात जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, तिथून जाड वायर मेन बोर्डापर्यंत. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. कुठं शॉक उतरला की तो स्वतःच लाईन तोडतो. "त्याची गरज नाही" असं वायरमन म्हणेल. म्हणू द्या, बसवून घ्या. उन्हाळ्यात त्या पाइपात आठवड्यातून एक बादली पाणी टाकायचं. हे काम मी यायच्या आधी झालेलं पाहिजे, मी न येता तरी झालंच पाहिजे. पैसे मी टाकते.

जोडणार मीच. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच खूण म्हणून बोर्डावर असतो. तो त्याच्याशी जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. खाली १३३१ पिना आहेत, एक वाकली की साडेअकरा हजार गेले. बरोबर ठेवला तर आपल्याआप खाली बसतो. विहिरीवरचा स्टार्टर उघडला की बाबा टॉर्च धरायला मलाच न्यायचे, दादाला नाही, कारण दादाचा हात हलायचा. या वेळी टॉर्च तुम्ही धरा.

संडासात कमोड बसवायचं ठरलं होतं, मिस्त्री आला का? फेब्रुवारीत झालं पाहिजे, ऑपरेशननंतर खाली बसता येणार नाही. बाबांनी साखर तपासून आकडा मला पाठवायचा, तोंडी "बरी आहे" चालणार नाही. आणि खलबत्ता वहिनीच्या ताब्यात द्या.

तुमची,
छकुली

ता. क. : कॅबिनेट घेताना दुकानदार समोरून काच असलेलं दाखवेल, चमकतं म्हणून. ते नको. समोर जाळी असलेलं घ्या, आणि मागच्या पट्ट्या पूर्ण बंद आहेत ना ते पाहा, नाही तर पहिल्याच पावसात पाल किंवा उंदीर आत संसार मांडेल.