जन्मदर घटला तरी लोकसंख्या का वाढते?

संपादक महोदय,

‘प्रत्येकाने दोनच मुले होऊ दिली की लोकसंख्या लगेच स्थिरावते’ हा समज चुकीचा आहे. देशाचा विकास होताना आधी मृत्युदर उतरतो. शुद्ध पाणी, लसीकरण आणि पुरेसे अन्न यांमुळे बालमृत्यू घटतात. जन्मदर मात्र एक-दोन पिढ्या चढाच राहतो, कारण झालेली मुले जगतील याची खात्री पटायला आईवडिलांना वेळ लागतो. लोकसंख्येचा फुगवटा येतो तो याच काळात. पुढे मुली शिकतात, लग्नाचे वय वाढते, गर्भनिरोधके हाती येतात आणि कुटुंब लहान होते.

एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये २.१ वर, म्हणजे आईवडिलांची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून निघेल इतक्यावर, आली तरी वाढ काही दशके चालूच राहते, कारण आधी जन्मलेल्या मुलींची मोठी पिढी अजून आई व्हायची असते. (बालमृत्यू जास्त असतील तिथे २.१ सुद्धा अपुरे पडतात, हे सहसा कोणी सांगत नाही.) शिवाय घसरण २.१ वर थांबेलच असे नाही. दक्षिण कोरियात हा दर १९६० मध्ये सुमारे ६ होता, २०२३ मध्ये ०.७२ झाला. सक्तीचे कायदे मागणाऱ्यांनी चीनकडेही पाहावे: एक अपत्याची अट २०१६ मध्ये उठली, तरी २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटतेच आहे.